चूक दुसऱ्याची, क्लेम आपला

[दृश्य: पुण्याचा बाह्यवळण महामार्ग. संध्याकाळ. उतारावरून येणाऱ्या दिव्यांची रांग.]

नवीन कात्रज बोगद्यातून बाहेर पडलेला महामार्ग नवले पुलापर्यंत उतरत येतो. डिझेल वाचवण्यासाठी गिअर काढून उतारावर सोडलेली अवजड वाहने आणि तापून निकामी झालेले ब्रेक, ही येथील अपघातांची कारणे पुणेकरांना आता पाठ झाली आहेत. २० नोव्हेंबर २०२२ च्या रविवारी रात्री याच उतारावर एका अवजड वाहनाने पुढची कितीतरी वाहने चिरडत नेली. सुरुवातीच्या बातम्यांत हा आकडा ४८ वाहनांचा होता, नंतर तो कमी सांगितला गेला. आकडा कोणताही धरला, तरी त्यांतील बहुतेक मोटारींचे चालक आपापल्या मार्गिकेत, आपापल्या वेगाने घरी चालले होते, आणि त्यांच्या हातून काहीही चुकले नव्हते.

अशा मोटारीचे पुढे काय होते, हा या चित्रफितीचा विषय आहे. जखमींची आणि मृतांच्या कुटुंबीयांची भरपाई हा वेगळा आणि याहून गंभीर विषय असल्यामुळे तो आपण येथे बाजूला ठेवत आहोत. येथे केवळ पत्रा, काच, प्लास्टिक आणि रंग यांचा विचार करायचा आहे, आणि त्यांचे पैसे शेवटी कोण देतो ते पाहायचे आहे.

[दृश्य: मागून ठोकलेली एक मोटार. बंपर लोंबकळत आहे, डिकी दबली आहे.]

मागून धडक बसल्यावर पहिली दहा मिनिटे बहुतेकांची वादात जातात. धडक देणारा चालक खाली उतरतो, गर्दी जमते, आणि कोणीतरी वडीलधाऱ्या स्वरात सांगतो की, "साहेब, मिटवून टाका." खरे तर या दहा मिनिटांत एकच काम करण्यासारखे असते, ते म्हणजे छायाचित्रे काढणे. जवळून काढलेला बंपरचा फोटो सगळ्यांकडे असतो, पण दोन्ही वाहनांचे क्रमांक, रस्त्याचे पट्टे आणि वाहनांची जागा एकाच चौकटीत दिसेल असा दुरून काढलेला फोटो फार थोड्यांकडे असतो, आणि चूक कोणाची हे ठरवण्याची वेळ आली तर तोच उपयोगी पडतो. कोणाला इजा झाली असेल तर सर्वांत आधी ११२ वर, आणि राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ वर फोन करणे, हे वेगळे सांगायला नको.

धडक देणाऱ्या वाहनाचा क्रमांक एम-परिवहन या सरकारी अ‍ॅपमध्ये टाकला की त्या वाहनाचा विमा कोणत्या कंपनीचा आहे आणि तो कधीपर्यंत वैध आहे, हे तेथेच समजू शकते. पोलीस ठाण्यात नोंद करणे कंटाळवाणे असले तरी ती करून तिची प्रत घ्यावी, कारण पुढे दुसऱ्याच्या विमा कंपनीकडे भरपाई मागायची झाल्यास ही नोंद आणि पंचनामा यांच्याशिवाय आपल्या हातात पुरावा म्हणून फारसे काही उरत नाही. जागेवरच रोख रक्कम स्वीकारायची असेल, तर ती किती आणि कशाबद्दल घेतली हे लिहून घ्यावे, आणि मग त्याच खर्चासाठी विमा कंपनीकडे जाऊ नये. एकाच बंपरचे पैसे दोनदा मागणे ही फसवणूक ठरते. आणखी एक अडचण अशी की, डिकीच्या पत्र्यामागे चेसिसला काय झाले आहे हे रस्त्यावर उभे राहून कोणालाही दिसत नाही, त्यामुळे दोन-तीन हजारांत मिटलेले प्रकरण गॅरेजमध्ये वीस हजारांवर जाते.

[दृश्य: टोचन करून नेली जाणारी मोटार. मागे गॅरेजचे फाटक.]

आता पहिला मोठा गैरसमज. चूक समोरच्याची आहे, त्याचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीसाठीचा विमा आहे, तेव्हा त्याची कंपनी आपली गाडी दुरुस्त करून देईल, असे बहुतेकांना वाटते. कायद्याच्या पुस्तकात हे चूक नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार प्रत्येक वाहनाला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, आणि खासगी मोटारीच्या नेहमीच्या पॉलिसीत इतरांच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी साडेसात लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण असते. तथापि, ही रक्कम मिळवण्याचा रस्ता गॅरेजच्या काउंटरवरून जात नाही. तो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातून जातो. तेथे अर्ज करावा लागतो, समोरच्या चालकाचा हलगर्जीपणा सिद्ध करावा लागतो, बिले सादर करावी लागतात आणि तारखांना हजर राहावे लागते. कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने १ एप्रिल २०२२ पासून या अर्जाला अपघातापासून सहा महिन्यांची मुदतही घातली गेली आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले असले, तरी ती पाळणेच शहाणपणाचे आहे. एक सोय मात्र कायद्याने ठेवली आहे. अपघात जेथे घडला तेथेच अर्ज केला पाहिजे असे नाही, तर अर्जदार जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो तेथील न्यायाधिकरणातही तो करता येतो, त्यामुळे कोल्हापूरच्या मोटारीला खंडाळ्याच्या घाटात धडक बसली तरी मालकाला कोल्हापुरातच दाद मागता येते.

पन्नास हजारांच्या डेंटिंग-पेंटिंगसाठी एवढी पायपीट कोणी करीत नाही. विमा कंपन्यांनाही हे ठाऊक आहे, आणि आपापसांतील 'नॉक फॉर नॉक' या जुन्या व्यवस्थेने त्यांनी आपला मार्ग सोपा करून घेतला आहे. दोन विमाधारक वाहने एकमेकांवर आदळली, तर चूक कोणाचीही असो, प्रत्येक कंपनीने आपल्या ग्राहकाच्या वाहनाचा खर्च सोसायचा आणि दुसऱ्या कंपनीकडे वसुलीला जायचे नाही, असा तो समझोता आहे. कंपन्यांच्या दृष्टीने हे वाजवी आहे, कारण वर्षभरात देणे-घेणे साधारण सारखेच होते आणि वकिलांचा खर्च वाचतो. ग्राहकाचे मात्र वर्षभरात असे काही सारखे होत नाही. त्याला एकदाच धडक बसलेली असते, आणि ती दुसऱ्याने दिलेली असते.

म्हणून व्यवहारात क्लेम करावा लागतो तो स्वतःच्याच कंपनीकडे, पॉलिसीच्या 'ओन डॅमेज', म्हणजे स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीच्या भागाखाली. हा भाग आपल्याकडे आहे की नाही, हे अनेकांना अपघाताच्या दिवशी कळते. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीसोबत तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला, पण ओन डॅमेजचा भाग सहसा एकाच वर्षाचा घेतला जातो. कागदावर तीन वर्षांची तारीख दिसते, मालक निश्चिंत राहतो, आणि दुसऱ्या वर्षी मागून कोणी ठोकले की त्याला समजते की आपल्या हातून दुसऱ्याचे नुकसान झाले तरच हा कागद कामाचा आहे. जुनी मोटार विकत घेणाऱ्यांचेही असेच होते. वाहन हस्तांतरित झाले की थर्ड पार्टी संरक्षण नव्या मालकाकडे येते, पण पॉलिसी आपल्या नावावर करून घेतली नसेल, तर ओन डॅमेजचा क्लेम तेथेच अडतो. कंपनीला हे हस्तांतरण कळवण्यासाठी कायद्याने १४ दिवस दिले आहेत, आणि आरसी बुकाच्या धावपळीत ते सरून जातात.

[दृश्य: गॅरेज. सर्व्हेअर मोबाइलवर फोटो काढत मोटारीभोवती फिरत आहे.]

गॅरेजमध्ये पोहोचल्यावर एक नियम कसोशीने पाळावा लागतो: नुकसान मोजणारा सर्व्हेअर येऊन पाहीपर्यंत मोटारीचा एक स्क्रूही काढू द्यायचा नाही. सर्व्हेअरला परवाना विमा नियामक प्राधिकरण देते आणि तो स्वतंत्र समजला जातो, पण त्याचे शुल्क विमा कंपनी देते, ही गोष्ट लक्षात ठेवलेली बरी. गॅरेजवाला एस्टिमेट फुगवून देतो आणि सर्व्हेअर ते कापतो, हा खेळ दोघांच्याही अंगवळणी पडलेला असतो. मालकाने लक्ष घालायचे ते एकाच ठिकाणी, आणि ते म्हणजे प्रत्येक भागापुढे 'दुरुस्त' लिहिले आहे की 'बदला'. डिकीचा दरवाजा ठोकून सरळ करता येतो, पण ठोकलेल्या जागी दोन पावसाळ्यांनी गंज धरणार असेल, तर तो बदलण्याचा आग्रह याच वेळी धरावा लागतो. मोटार उघडल्यावर आत आणखी काही मोडलेले आढळले, तर त्याचे पुरवणी एस्टिमेट सर्व्हेअरकडून मंजूर झाल्याशिवाय काम पुढे नेऊ देऊ नये. पीयूसी संपले आहे म्हणून क्लेम मिळणार नाही असे कोणी सांगितले, तर तेवढ्या एका कारणासाठी क्लेम नाकारता येत नाही, हे नियामकाने २०२० मध्येच स्पष्ट केले आहे.

कॅशलेस या शब्दाने मात्र फसू नये. कंपनी गॅरेजला परस्पर पैसे देते एवढाच त्याचा अर्थ आहे. आपल्या खिशाला हात लागत नाही, असा त्याचा अर्थ नाही.

[दृश्य: कोऱ्या कागदावर पेनने मांडला जाणारा हिशेब.]

एक नमुना हिशेब मांडून पाहू. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत, दर मात्र पॉलिसीच्या प्रमाण अटींतले आहेत. मोटार साडेतीन वर्षांची आहे, इंजिन १५०० सीसीच्या आतले आहे, आणि झीरो डेप्रिसिएशन, म्हणजे घसारा (भाग जुना झाल्यामुळे घटलेली त्याची किंमत) माफ करणारे जादा संरक्षण घेतलेले नाही. मागचा बंपर ८,००० रुपये. तो प्लास्टिकचा, म्हणून निम्मा घसारा मालकाच्या माथी, म्हणजे ४,०००. मागचे दिवे ४,००० रुपये, तेही प्लास्टिकचे, म्हणून २,०००. डिकीचा दरवाजा १६,००० रुपये. धातूच्या भागांना तीन ते चार वर्षांच्या मोटारीवर २५ टक्के घसारा लागतो, म्हणून ४,०००. मागची काच ५,००० रुपये, आणि काचेला घसारा नाही. रंगकामाचे १२,००० रुपये. त्याचा चौथा भाग साहित्याचा मानतात आणि त्यावर निम्मा घसारा लावतात, म्हणून १,५००. मजुरीच्या ७,००० रुपयांवर घसारा नाही. एकूण बिल ५२,००० रुपयांचे. त्यात मालकाचा घसारा ११,५०० आणि सक्तीची वजावट (क्लेममधली मालकानेच सोसायची ठरलेली रक्कम) १,००० मिळून १२,५०० रुपये. कंपनी देते ३९,५००.

येथपर्यंतचा हिशेब डिलिव्हरीच्या दिवशी दिसतो. त्याचा दुसरा भाग दिसायला वर्ष लागते. या मालकाने तीन वर्षे क्लेम केला नव्हता, म्हणून त्याला ३५ टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न करणाऱ्याला हप्त्यात वर्षागणिक वाढत जाणारी सवलत, मिळत होता, आणि पुढच्या नूतनीकरणाला तो ४५ टक्के झाला असता. आता तो शून्य होतो. ओन डॅमेजचा मूळ हप्ता ९,००० रुपये धरला आणि तो तसाच राहील असे मानले, तर पहिल्या वर्षी ४,०५० रुपयांची सवलत जाते. पुढच्या वर्षी ५० टक्क्यांऐवजी २० टक्के मिळतात, म्हणून २,७०० रुपये, आणि मग अनुक्रमे २,२५०, १,३५० व ४५० रुपये. बोनस पुन्हा ५० टक्क्यांवर येईपर्यंत एकूण १०,८०० रुपये गेलेले असतात. मोटार जुनी होत जाते तसा मूळ हप्ता उतरतो, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा काहीसा कमी येईल, पण कमी आला तरी तो भरायचा निरपराध मालकानेच.

बोनस शून्य करताना चूक कोणाची हा प्रश्न विचारलाच जात नाही. त्याच्या नावातच 'नो क्लेम' आहे, 'नो फॉल्ट' नाही, असे कंपनी सांगते, आणि शब्दार्थाने ते खरेही आहे. म्हणूनच आठ-दहा हजारांच्या डेंटसाठी जाणते गॅरेजवाले स्वतःहून क्लेम न करण्याचा सल्ला देतात. बोनस सुरक्षित ठेवण्याचे आणि पूर्ण घसारा माफ करण्याचे जादा संरक्षण मिळते, पण हप्ता थोडा वाढतो म्हणून ते नाकारणारा मालक पहिल्या धडकेत त्याची किंमत भरतो. मोटार गॅरेजमध्ये असताना जे पंधरा-वीस दिवस रिक्षा आणि टॅक्सीवर जातात, त्यांचा खर्चही साध्या पॉलिसीत कोठेच बसत नाही.

[दृश्य: पुरता चेपलेला मोटारीचा मागचा भाग.]

धडक मोठी असेल तर हिशेबच बदलतो. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत लिहिलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाला, तर मोटार 'टोटल लॉस' धरली जाते. चार ते पाच वर्षांच्या मोटारीची आयडीव्ही नव्या किमतीच्या निम्मी झालेली असते. हप्ता कमी व्हावा म्हणून नूतनीकरणाच्या वेळी ती आणखी खाली आणून घेतली असेल, तर हातात येणाऱ्या रकमेत तशी दुसरी मोटार बाजारात मिळत नाही.

कंपनीने क्लेम नाकारला किंवा अवाजवी कापला, तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबईत आणि पुण्यात लोकपालांची कार्यालये आहेत, तेथे शुल्क लागत नाही, वकिलाची गरज नसते, आणि लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. मात्र लोकपाल आपल्या आणि आपल्या कंपनीमधल्या वादाचा निकाल करतो. ज्याने धडक दिली त्याच्या कंपनीविरुद्धची तक्रार तेथे ऐकली जात नाही.

[दृश्य: गॅरेजच्या दारात, उन्हात उभी असलेली दुरुस्त मोटार.]

मोटार ताब्यात घेताना ती उन्हात उभी करायला सांगावी. छताखालच्या ट्यूबलाइटमध्ये नवा रंग जुन्याशी जुळलेला दिसतो, पण उन्हात डिकी आणि शेजारचा फेंडर यांच्या छटा वेगळ्या दिसू शकतात. डिकी दोन-तीनदा उघडून लावून पाहावी, रबराची पट्टी नीट बसली आहे का ते पाहावे, पाण्याचा पाइप मारून घ्यावा, आणि मगच समाधानपत्रावर सही करावी. सही झाल्यावर तक्रार करता येत नाही असे नाही, पण ती कोणी ऐकून घेत नाही.

यानंतर काही महिने काहीच घडत नाही. ज्या वाहनाने धडक दिली त्याचा मालक आपली वाट चालत असतो, आणि त्याच्या कंपनीने या मोटारीसाठी एक रुपयाही दिलेला नसतो. मग एके दिवशी नूतनीकरणाची नोटीस येते, आणि तिच्यात 'नो क्लेम बोनस' या शब्दांपुढे शून्य छापलेले असते.