काळ्या मातीतला डिंक

[मे महिना. अमळनेर तालुका, तापीकाठचं मोकळं शेत. जमिनीला भेगा.]

पारा 44-45 च्या घरात. कपाशी निघाली, नांगरट झाली, आणि आता नुसती ढेकळं. मूठभर पावसाचीही आठवण नसलेल्या या ढेकळात कोण राहत असेल? चार कण पुडीत बांधून आपण जळगावच्या प्रयोगशाळेत आलो.

[काचेची बशी. चिमट्याने ओळीत ठेवलेले मातीचे कण.]

या बशीत मॅनिटॉल हा साखरेसारखा पदार्थ आहे, क्षार आहेत. नत्र मुद्दाम घातलेला नाही. हवेतला नत्र ज्याला वापरता येतो, त्यानेच इथे वाढावं.

[चौथा दिवस. कणाभोवती चकाकी. सुईने ओढलेली तार.]

तार बघा, पाकासारखी. ज्यांच्या शेतातली माती, ते आजोबा बशी बघून म्हणाले, "हाऊ ते डिंक शे!" चुकले नाहीत. हा अॅझोटोबॅक्टर, मातीतला जिवाणू. शेतकऱ्याच्या ओळखीचाच, पण पाकिटातून: किलोभर बियाण्याला 25 ग्रॅम, गुळाच्या पाण्यात कालवून. त्याच्या या डिंकात अल्जिनेट असतं, म्हणजे साखरेपासून बनलेल्या आम्लांची लांब माळ. समुद्रातल्या तपकिरी शेवाळातून ते 1881 मध्येच काढलं गेलं होतं. जिवाणूही ते बनवतात, हे कळायला 1960 चं दशक उजाडलं.

[रेखाचित्र: पेशीचा आतला भाग.]

साखर पेशीत आली, की तिचं फ्रुक्टोज-6-फॉस्फेट होतं. अल्ग-ए हे विकर (एन्झाइम) त्याचं मॅनोज-6-फॉस्फेट करतं. अल्ग-सी त्यातलं फॉस्फेट सहाव्या कार्बनावरून पहिल्यावर आणतं. मग पुन्हा अल्ग-ए. हा गडी दोन पाळ्या करतो. आता तो जीडीपी जोडतो. बातम्यांतला नव्हे, ग्वानोसिन डायफॉस्फेट. पुढे अल्ग-डी जीडीपी-मॅनोजपासून जीडीपी-मॅन्युरॉनिक आम्ल बनवतं. इथून माघार नाही. एवढी साखर डिंकाच्या नावे लागली.

पेशीभोवती दोन पटलं. त्यातल्या आतल्या पटलात अल्ग-8 आणि अल्ग-44 ही प्रथिनं जोडीने बसलेली असतात. सायक्लिक-डाय-जीएमपी हा चिमुकला रेणू अल्ग-44 ला चिकटला, की मणी ओवणं सुरू. शेकडो मॅन्युरॉनिक आम्लं, एकामागे एक.

दोन पटलांच्या मधल्या जागेत अल्ग-जी काही मण्यांचा पाचवा कार्बन फिरवतं, आणि मॅन्युरॉनिकचं ग्युलुरॉनिक होतं. काहींवर अॅसिटिल हा छोटा रासायनिक गट चढतो. वाट चुकून अडकलेली माळ अल्ग-एल कापून टाकतं. बाकीची बाहेरच्या पटलातल्या नळीतून पेशीबाहेर.

अॅझोटोबॅक्टर एवढ्यावर थांबत नाही. अॅझोटोबॅक्टर विनेलँडी या जातीत अल्ग-ई1 ते अल्ग-ई7 अशी सात विकरं बाहेर येऊन माळेवर पुन्हा काम करतात. त्यांना कॅल्शियम लागतं. त्यातली काही ग्युलुरॉनिकचे लांब सलग पट्टे तयार करतात.

[चंचुपात्र. थेंब थेंब, आणि तळाशी मणी.]

पट्ट्यांचा उपयोग इथे दिसतो. अल्जिनेटचा थेंब कॅल्शियमच्या पाण्यात पडला, की भिजल्या साबुदाण्यासारखा मणी होतो. दोन माळांच्या पट्ट्यांमध्ये कॅल्शियम अडकतो आणि गाठ बसते. (बाटलीतलं अल्जिनेट शेवाळाचं आहे. जिवाणूचं एवढं जमवायला आम्हाला वेळ नव्हता.) आपल्या चुनखडीच्या काळ्या मातीत कॅल्शियमला तोटा नाही.

[सूक्ष्मदर्शक. जाड कवचाच्या गोल पुटी.]

आणि हे मे महिन्याचं उत्तर. पाणी संपत आलं, की अॅझोटोबॅक्टर आक्रसून पुटी होतो, आणि तिच्या कवचात तेच अल्जिनेट असतं. अशी पुटी कोरड्या मातीत वर्षानुवर्षं तग धरते.

स्यूडोमोनास एरुजिनोसा हा त्याचा भाऊबंद जिवाणू हाच डिंक सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांच्या फुप्फुसात करतो, आणि तिथे प्रतिजैविकंही हतबल होतात.

[परत शेत. बांधाजवळ पेटवलेल्या पऱ्हाटीचा ढीग.]

डिंकाला साखर लागते. मातीत ती येते काडीकचऱ्यातून, मुळांतून. या पऱ्हाटीतूनही आली असती.

[निवेदन नाही. धूर, आणि जळण्याचा आवाज.]