दात येतायत म्हणून?

(आईच्या मांडीवर मलूल बाळ. शेजारी वाटी-चमचा.)

आठ महिन्यांचं बाळ. सकाळी दोन उलट्या, अंगात कणकण, दुपारपासून पाण्यासारखे जुलाब. आजी म्हणते, "दात येतायत गं, होतं असं."

आजीचं निरीक्षण खोटं नाही. दात येण्याचं वय आणि या जुलाबांचं वय एकच, सहा महिने ते दोन वर्षं. कारण मात्र दातांत नाही. ते १९७३ साली मेलबर्नमध्ये दिसलं. रूथ बिशप आणि सहकाऱ्यांनी जुलाब झालेल्या मुलांच्या आतड्याचा बारीकसा तुकडा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिला. पेशींत विषाणू खच्चून भरले होते, चाकासारखे गोल. लॅटिनमध्ये चाक म्हणजे रोटा. म्हणून रोटाव्हायरस.

लहान आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते. अन्नपाणी शोषते ती हीच. विषाणू तिचे शेंडेच मारतो. अँटिबायोटिक इथे काही करत नाही, तरी त्याची बाटली मिळेपर्यंत कित्येक घरांना चैन पडत नाही. त्याहून घातक म्हणजे "पोटाला आराम" म्हणून बाळाचं दूध तोडणं. कृपा करून तोडू नका. अंगावर पाजत राहा. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यात, सगळी एकदम. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग पुन्हा चमचा-चमचा. जुलाब थांबले तरी झिंक चौदा दिवस पूर्ण करा. डोळे खोल गेले, टाळू खचली, लघवी होईना, तर लगेच दवाखाना गाठा.

साबणाने हात धुवायचेच. नोरोव्हायरससारख्या जुलाबाच्या दुसऱ्या विषाणूंवर सॅनिटायझर पुरत नाही. पण रोटा स्वच्छ घरांतही शिरतो. म्हणून लस हवी. १९८०च्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये काही नवजात बाळांत हा विषाणू सापडला, आणि बाळं ठणठणीत! डॉ. महाराज किशन भान यांनी तो धागा सोडला नाही. त्या निरुपद्रवी विषाणूपासूनच रोटाव्हॅक ही लस आली. पुण्याच्या सीरम कंपनीने रोटासिल ही दुसरी लस केली. महाराष्ट्रात २०१९ पासून सरकारी लसीकरणात रोटाची लस मोफत मिळते: सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्यात.

(उपकेंद्र. दीड महिन्याची मुलगी.)

सिस्टर गालाच्या आत हळूच लस सोडतात. मुलगी ओठ चाटते. आजी विचारते, "सुई नाही?"

"नाही आजी. तोंडातूनच." आणि सिस्टर कार्डावर पुढची तारीख लिहितात.