आजीकडे ओबोनला

श्रोतेहो, नमस्कार.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात टोकियो स्टेशनवर पाय ठेवायला जागा नसते. ओबोन, म्हणजे जपानमधला पूर्वजांच्या स्मरणाचा सण, आला की शहरातली कुटुंबं पोराबाळांसह गावी निघतात. समजा, चार वर्षांची एक मुलगी आईबाबांबरोबर आजीकडे नागानोला चाललीय. १९९७ साली शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, नागानोपर्यंत धावू लागली, त्यामुळे प्रवास जेमतेम दीड तासाचा. इतक्या लहान मुलांना वेगळी जागा घेतली नाही, तर तिकीट लागत नाही. तेव्हा बाईसाहेब बाबांच्या मांडीवर, आणि हातात आगगाडीच्याच आकाराचा जेवणाचा डबा.

घरी पोचल्यावर दारातच बूट काढायचे, आजीला बिलगायचं आणि लगेच बुत्सुदानपुढे, म्हणजे घरातल्या पूर्वजांच्या देव्हाऱ्यापुढे जाऊन बसायचं. उदबत्ती लावायची, छोटी घंटा वाजवायची, हात जोडायचे. शहरातून आणलेला मिठाईचा खोकाही आधी तिथेच ठेवायचा. मुलीचा सगळा जीव त्या खोक्यात! आपल्याकडे श्राद्धाला कावळा शिवेपर्यंत पोरं वड्यांकडे बघत बसतात, तशीच तीही बसते.

मला यात आवडतं ते एवढंच, की ‘मोठ्यांचं चाललंय, तू बाहेर खेळ’ असं तिला कुणी म्हणत नाही. तिला काम मिळतं. काकडीला काड्यांचे चार पाय लावायचे, झाला घोडा. वांग्याला लावायचे, झाली गाय. पूर्वजांनी घरी लवकर यावं म्हणून घोडा, आणि परतताना रमतगमत, शिधा लादून जावं म्हणून गाय. ज्या पणजोबांना तिनं कधी पाहिलं नाही, त्यांच्या वाहनाची सोय आता तिच्याकडे! स्मशानात गेल्यावर पळीनं पूर्वजांच्या समाधीच्या दगडावर पाणी घालायचं कामही तिचंच. निम्मं पाणी फ्रॉकवर सांडतं, ते सोडा.

तेरा तारखेच्या संध्याकाळी दारात स्वागताचा जाळ करतात. नागानोत त्यासाठी भूर्जाची साल पेटवतात आणि मुलं हाका घालतात, आजोबा, आजी, या उजेडानं या! नंतर जेवणं. तिथं या दिवसांत मांजू, म्हणजे गोड सारण भरलेले मऊ गोळे, तेसुद्धा पिठात बुडवून तळतात; कुणाला ऐकूनच जड वाटेल, पण मुलं तुटून पडतात. मधले दिवस मावसभावंडांचे: कलिंगड, शिंगवाले भुंगे पकडणं, रात्री फुलबाज्या.

सोळाला निरोपाचा जाळ, आणि परतीच्या गाड्यांना पुन्हा तीच गर्दी. पुढची भेट बहुधा नववर्षाला. तेव्हा मात्र मुलांचं लक्ष ओतोशिदामाकडे, म्हणजे मोठ्यांनी द्यायच्या पैशांच्या छोट्या पाकिटांकडे असतं. ते पैसे ‘मी जपून ठेवते हं’ म्हणत आई ताब्यात घेते. पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

नमस्कार.