हिरव्या दिव्याशी माझं वैर

मित्रहो, पत्रिकेवर विषय छापलाय 'घरगुती सेल चार्ज करताना'. मला मात्र आधी चार्जरवरच्या हिरव्या दिव्याबद्दल बोलायचंय. आमचं जुनं वैर आहे.

माझ्याकडे एक चार्जर होता. तांबडा दिवा म्हणजे चार्जिंग चालू, हिरवा म्हणजे सेल भरले. रात्री चार पेन्सिल सेल लावायचे, सकाळी हिरवा दिवा बघून काढायचे. हाताला चांगलेच गरम लागायचे. तापलेत म्हणजे ताकद आली, असा माझा समज! (हशा) वर्षभरात ते चारही गेले. नवे आणले, तेही गेले. घरात निकाल लागला, की रिचार्जेबल सेल हा प्रकारच फसवा.

एका रविवारी मी काय केलं, नुकताच हिरवा झालेला चार्जर बंद करून त्याच भरलेल्या सेलांसकट पुन्हा चालू केला. तांबडा दिवा लागला. पाच-दहा मिनिटांत हिरवा व्हायला हवा की नको? झाला सात तासांनी! मी समोर बसून होतो. बायको दोनदा येऊन विचारून गेली, "अंडी उबवताय का?" मग चार्जर खोलला. सेल भरलाय का, हे पाहणारं आत काहीच नव्हतं. नुसता टायमर. विकणाऱ्याला कळवलं, तर उत्तर आलं : "दिवा हिरवा होतोय ना? मग चार्जर चांगला आहे." यावर काय बोलणार?

आता त्या फुकटच्या तासांत आत काय चालतं? माझे ते रिचार्जेबल पेन्सिल सेल निकेल-मेटल हायड्राइड जातीचे. असा सेल भरला, की पुढची वीज साठायला जागा नसते. धन बाजूला ऑक्सिजन सुटतो, ऋण बाजूला तो शोषला जातो आणि त्याची उष्णता होते. माझी 'ताकद' ती हीच. प्रवाह जोराचा असेल तर वायू शोषला जाण्याआधीच दाब वाढतो, झडप उघडते, आतला ओलावा जातो. तो परत भरता येत नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, तीन मिनिटं. म्हणजे मूळ विषयाला तीन मिनिटं! भराभर सांगतो.

टायमरवालाच चार्जर असेल तर भागाकार करा. सेल २००० एमएएचचा (मिलिअँपिअर-तास, म्हणजे सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप), प्रवाह २०० मिलिअँपिअर, म्हणजे दहा तास. पण काही वीज वाया जाते, म्हणून १४ ते १६. हे पूर्ण रिकाम्या सेलचं गणित. अर्धवट भरलेल्याला ते लागू नाही, आणि आपण नेमके तेच लावतो. म्हणून हुशार चार्जर घ्या. सेल भरल्यावर व्होल्टेज पाच-दहा मिलिव्होल्टने उतरतं, ते हा ओळखतो. मात्र फार सावकाश चार्ज केलं तर ही उतरण इतकी पुसट होते, की हुशारही फसतो. २००० च्या सेलला हजारभर मिलिअँपिअर दिले तर ती नीट दिसते. आणि प्रत्येक सेलची तपासणी वेगळी हवी. जोडीने चार्ज होताना एक भरलेला, एक रिकामा असला, की भरलेला भाजून निघतो.

लिथियम-आयन, म्हणजे मोबाइलमध्ये असतात ते सेल? ती जातच वेगळी. त्यातल्या नेहमीच्या सेलला ४.२ व्होल्टला थांबायचं. निकेलच्या चार्जरमध्ये चुकूनही लावू नका. साधे अल्कलाइन सेल तर कुठल्याच... हो हो, माईक देतो. एवढंच, सेल धरवत नाही इतका तापला, तर दिवा कुठल्याही रंगाचा असो, प्लग काढा.

मागून विचारतायत, त्या चार्जरचं काय केलं? आहे की टेबलावर. सात तास मोजायला फार अचूक आहे.