टाचण कुणासाठी?

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातली एखादी छोटी सरकारी मराठी प्राथमिक शाळा. एका खोलीत दोन-तीन इयत्ता आणि बाई एकच. पुढे बसलीय ती मुलगी घरी कोंकणी बोलते. तिच्या शेजारच्या मुलाचे आईवडील कर्नाटकातून कामाला आलेत, त्याची भाषा कानडी. मागे एकाला फळ्यावरचं नीट दिसत नाही, पण तो ते कुणाला सांगत नाही.

अशा वर्गाचे शिक्षक घडतात कुठे? प्राथमिकचे पर्वरीच्या डाएटमध्ये (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत), माध्यमिकचे फोंडा-पणजीच्या बी.एड. महाविद्यालयांत. एन.सी.टी.ई.च्या (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या) २०१४च्या नियमांनी दोन्ही अभ्यासक्रमांत आंतरवासिता, म्हणजे प्रत्यक्ष शाळेतला सराव, किमान २० आठवड्यांची केली. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आले. छात्राध्यापक, म्हणजे शिक्षक व्हायला शिकणारे, ते परीक्षेत घडाघडा लिहितात. पण यादी पाठ असली म्हणून समोरचं मूल ओळखता येतंच असं नाही.

ते जमू लागतं पाठ टाचण, म्हणजे पाठाचा लेखी आराखडा, लिहिताना. उद्दिष्ट, साहित्य, फलकलेखन हे रकाने भरून होतात, तेव्हाच मार्गदर्शकांनी विचारायला हवं: मागच्या त्या मुलापर्यंत हा पाठ पोचणार कसा? मग छात्राध्यापिका फळ्यावर जे लिहिते ते मोठ्याने म्हणते. समजावताना मात्र वर्गाकडे वळते, कारण कमी ऐकू येणारं मूल तिच्या ओठांकडेही बघत असतं. वाचताना अडखळणाऱ्याकडून उत्तर तोंडी घेते. कोंकणीत आलेलं उत्तर बरोबर असेल तर आधी तसं सांगते, मराठी शब्द मागाहून देते. कानडी बोलणाऱ्याला पहिले काही दिवस चित्र दाखवून, कृती करून उत्तर देऊ देते. यातल्या कशालाच पैसे लागत नाहीत. सराव लागतो, आणि तो खऱ्या वर्गातच होतो.

विशेष शिक्षक लागतातच. पण 'ते मूल त्यांचं' असं वर्गशिक्षकाने एकदा मनाशी धरलं, की ते मूल वर्गात असून नसल्यासारखं होतं. प्रशिक्षणात सगळ्यांत आधी ही समजूत मोडायला हवी, असं मला ठामपणे वाटतं.

२०२३च्या जानेवारीत पणजीत पहिला पर्पल फेस्ट, हा दिव्यांगांचा महोत्सव, भरला. देशभरातून दिव्यांग माणसं गोव्यात आली. अशा माणसांना अध्यापक महाविद्यालयांनी सराव पाठ सुरू होण्याआधीच बोलवावं. शाळेत काय खुपलं, कुणाच्या शिकवण्याने वाट सापडली, हे होऊ घातलेल्या शिक्षकांनी त्यांच्याच तोंडून ऐकावं.