गार पाण्यातला हात

चार अंश सेल्सिअसचं पाणी. त्यात हात बुडवायचा. कळ यायला लागली की सांगायचं, आणि सोसवेनासं झालं की हात बाहेर काढायचा.

२०१८ साली न्यूयॉर्कच्या संशोधकांनी गांजा ओढणाऱ्या १८ धडधाकट माणसांवर ही चाचणी घेतली. त्यांना कधी गांजा दिला, कधी ऑक्सिकोडोन, कधी दोन्ही. ऑक्सिकोडोन म्हणजे मॉर्फिनच्याच, अफूवर्गी घराण्यातलं वेदनाशामक औषध. त्याच्या अडीच मिलिग्रॅमनं काही फरक पडला नाही. नुसत्या गांजानंही नाही. दोन्ही एकत्र दिल्यावर मात्र हात पाण्यात जास्त वेळ टिकला.

असं का व्हावं? दुखण्याचा निरोप मज्जारज्जूतून मेंदूकडे जातो. त्या वाटेवरच्या चेतापेशींवर अफूवर्गी औषधांचे रिसेप्टर, म्हणजे औषध किल्लीसारखं बसतं ती कुलपं असतात, तसे गांजातल्या टीएचसीचेही, म्हणजे नशा आणणाऱ्या द्रव्याचेही. कुलपं वेगळी, पण आतलं काम जवळपास सारखंच. कॅल्शियमला आत येऊ द्यायचं नाही, पोटॅशियमला बाहेर सोडायचं, की पेशी गप्प. गांजाच्या कुलपाला लागणारी एक किल्ली शरीर स्वतःच घडवतं. १९९२ मध्ये ती सापडली आणि तिचं नाव ठेवलं आनंदामाइड. हो, संस्कृतातल्या 'आनंदा'वरूनच.

फरक आहे तो मेंदूच्या बुडाशी. श्वास चालवणाऱ्या भागात अफूचे रिसेप्टर भरपूर, म्हणून मात्रा वाढली की श्वास मंदावतो, कधी थांबतोच. गांजाचे तिथे अगदी तुरळक. म्हणून तर हा सगळा खटाटोप, अफूची मात्रा खाली आणण्यासाठी.

उंदीर-घुशींनी भरघोस कौल दिला. प्राण्यांवरच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये निघाला. टीएचसी जोडीला असेल, तर मॉर्फिनची मात्रा साडेतीन पटींहून जास्त कमी केली तरी पुरते.

माणसांचं तसं नाही. अफूवर्गी औषधं पुरेनाशी झालेल्या कॅन्सरच्या रुग्णांना टीएचसी आणि सीबीडी (गांजातलंच, पण नशा न आणणारं द्रव्य) यांचा तोंडात मारायचा फवारा दिला गेला. मोठ्या चाचण्यांत तो मुख्य कसोटीवर नकली फवाऱ्यापेक्षा सरस ठरला नाही. गार पाण्याची कळ मिनिटांत संपते, हाडात शिरलेल्या कॅन्सरची नाही.

अमेरिकेत औषधी गांजाला मुभा देणाऱ्या राज्यांत २०१० पर्यंत अफूवर्गी औषधांच्या अतिमात्रेनं होणारे मृत्यू सुमारे २५ टक्के कमी दिसले होते. बातमी गाजली. तीच आकडेमोड २०१७ पर्यंत नेली, तर ते सुमारे २३ टक्के जास्त निघाले.

आणि त्या १८ जणांचं आणखी एक. गांजासोबत घेतलेलं ऑक्सिकोडोन त्यांना थोडं जास्त आवडलंही होतं.