पूरवळण कालव्याची धूप कुठे सुरू होते

मित्रहो, पुराचे जादा पाणी वस्तीबाहेरून काढून देणारा कालवा मराठवाड्यात वर्षातले आठ-नऊ महिने कोरडा राहणार. तेव्हा तिथे माणसे फिरायला येणार, मुले क्रिकेट खेळणार आणि शेळ्या चरणार, हे धरूनच त्याचा आराखडा करायला हवा. व्हिएन्नाने १९७२ ते १९८८ या काळात डॅन्यूबला समांतर सुमारे २१ किलोमीटरचा असा कालवा खणला आणि निघालेल्या मातीचे बेट करून ते लोकांना फिरायला मोकळे केले. मात्र तिथे एरवीही पाणी अडवलेले असते, म्हणून त्या काठांची नक्कल इथे चालणार नाही.

आपली खरी अडचण काळ्या मातीची आहे. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृगाचे पाणी त्यांतून थेट काठाच्या पोटात शिरते. पुढे पूर ओसरताना बाहेरच्या पाण्याचा आधार सुटतो, आतले पाणी मात्र लवकर निघत नाही, आणि पूर चढताना टिकलेला काठ तो उतरताना ढासळतो. म्हणून काठाचा उतार निदान तीनास एक, म्हणजे एक मीटर उंचीला तीन मीटर आडवे अंतर, इतका सौम्य असावा आणि पिचिंगखाली, म्हणजे काठावर बसवलेल्या दगडांच्या थराखाली, वाळू-खडीचा थर असावाच. तो नसला की दगड जागेवर दिसतात, पण त्यांखालची माती सांध्यांतून केव्हाच निघून गेलेली असते.

आता तळाकडे पाहू. दोन मीटर खोल पाणी ५०० मीटरला १ मीटर उताराने वाहत असेल, तर ते तळाच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ४ किलो वजनाइतकी ओढ लावते. उतार निम्मा केला की, खोली तीच राहिल्यास, ओढही निम्मी होते. उरलेली उंची दगडी टप्प्यांनी उतरवावी. कोरड्या दिवसांत हेच टप्पे बसायला उपयोगी पडतात, पण प्रत्येकाच्या पायथ्याशी जाड दगडी फरशी हवी, कारण पाणी खड्डा पाडते ते तिथेच.

माझा मुख्य आग्रह मात्र पायवाटांविषयी आहे. आराखड्यात घाट एकीकडे आणि लोकांची उतरण दुसरीकडे, असे झाले की त्या सरळ वाटेवरचे गवत मरते आणि पहिल्याच पावसात तिची ओघळ होते. यासाठी लोक आज कुठून उतरतात ते आधी पाहून तिथेच तिरपी फरसबंद वाट द्यावी. घाटाच्या दोन्ही टोकांना, जिथे काँक्रीट संपून माती लागते, तिथे भोवरा उठतो; ते टोक काठात आत खोवून पुढे काही अंतर मोठे दगड रचावेत.

हरळी आणि वाळा आपल्याकडे तग धरतात, परंतु काही तासांच्या प्रवाहाला पुरे पडणारे गवत दोन दिवसांच्या पुराला पुरे पडेलच असे नाही. म्हणून काठाच्या पायथ्याला दगड आणि वरच्या भागात गवत, अशी वाटणी करावी. पहिले दोन उन्हाळे या गवताला पाणी घालण्याचा खर्च निविदेतच धरावा, कारण काम पूर्ण झाल्याचा दाखला मिळाल्यावर टँकरसाठी पैसे कोणी देत नाही.